भांड्याला भांडं लागलं आणि मशीन घरात आलं

पन्नास वर्षांपूर्वीचा, चाकांवर फिरणारा डिशवॉशर आजच्या मराठी घरात चालतो का? न्यू जर्सीतल्या आमच्या छोट्याशा किचनमध्ये घेतलेली ही ‘टेस्ट ड्राइव्ह’.

कुठल्याही नवरा-बायकोला विचारा, तुमच्यात भांडण कशावरून होतं? पैसा, सासर-माहेर, टीव्हीचा रिमोट अशी भारदस्त उत्तरं मिळतील. पण जरा खोदून विचारलंत, तर गाडी हमखास सिंकपाशी येऊन थांबते. रात्री साडेदहाला सिंकमध्ये पडलेला कुकर, त्याच्या तळाला चिकटलेला भात आणि ‘आज कोणाची टर्न?’ हा लाखमोलाचा प्रश्न. भांडी आणि भांडण हे शब्द मराठीत इतके शेजारी शेजारी का राहतात, हे लग्नानंतर सहा महिन्यांत कळतं.

मुंबई-पुण्यात या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ‘मावशी’. मावशी आल्या तर घर चालतं, गावाला गेल्या तर घर थांबतं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मावशी सोसायटीच्या गेटबाहेर राहिल्या, तेव्हा आपल्याकडे डिशवॉशरची चौकशी एकदम वाढली होती, आठवतंय? तोवर ‘आपल्या भांड्यांना ते मशीन काय कामाचं!’ म्हणणारे लोकसुद्धा डिलिव्हरीची तारीख विचारत होते.

अमेरिकेत मावशी नाहीत. त्याऐवजी नव्या घरांमध्ये ओट्याखाली बसवलेला डिशवॉशर असतो. पण ‘नव्या घरांमध्ये’ हे शब्द नीट वाचा. आमचं घर त्यात येत नाही.

फ्रिज उघडला की ओव्हन उघडत नाही

आम्ही राहतो जर्सी सिटीत. हडसन नदीच्या पलीकडे मॅनहॅटन, अलीकडे आम्ही. बिल्डिंग जुनी, भाडं मात्र नवं. किचन एवढं की फ्रिज उघडला की ओव्हन उघडत नाही. लीजवर सह्या करताना घरमालकाने कौतुकाने सांगितलं होतं की ही सगळी कपाटं ओरिजिनल आहेत. म्हणजे, ती बसवली तेव्हा डिशवॉशरसाठी जागा सोडायची पद्धतच नव्हती!

आम्ही दोघंही नोकरी करणारे. माझे पुण्याच्या टीमबरोबरचे कॉल रात्री साडेनऊला सुरू होतात. नवरोबाची ट्रेन सकाळी सातची. या दोन वेळांच्या मधल्या फटीत भांडी पडून राहतात. फ्रिजवर टाइमटेबल लावलं, सम-विषम तारखांचा फॉर्म्युला लावला. ३१ तारखेनंतर लगेच १ तारीख येते, त्यामुळे विषमवाल्याची टर्न लागोपाठ दोनदा येते, यावर एकदा अर्धा तास चर्चासत्र झालं. असो.

खरं टेन्शन मात्र आमच्या दोघांचं नव्हतंच. सासूबाई येणार होत्या. सांगलीहून, सहा महिन्यांसाठी.

अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये ‘आई-बाबा सहा महिने’ हा एक ऋतूच असतो. विमानतळावर बॅगा, बॅगांमधून भाजणी आणि मेतकूट, वीकेंडला नायगारा. पण सोमवार ते शुक्रवार काय होतं, ते सगळ्यांना माहीत असतं आणि पॉटलकला कोणी बोलत नाही. मुलगा-सून ऑफिसला जातात आणि सत्तरीची आई सिंकपाशी उभी राहते. तिला कोणी सांगितलेलं नसतं. ‘आई, राहू द्या, आम्ही संध्याकाळी करू’ हे वाक्य रोज म्हटलं जातं आणि रोज संध्याकाळी सिंक चकाचक असतं.

मागच्या खेपेला हिवाळा होता. इथली कोरडी हवा, नळाचं कढत पाणी आणि लिक्विड सोप, या तिघांनी मिळून सासूबाईंच्या बोटांना भेगा पाडल्या. रबरी हातमोजे आणून दिले, तर म्हणाल्या, ‘अगं, ते घातले की भांडं स्वच्छ झालंय की नाही ते हाताला कळत नाही.’ झालं! हातमोजे ड्रॉवरमध्ये आणि हात पुन्हा पाण्यात.

यंदा त्यांना एकाहत्तरावं लागलंय. त्या यायच्या आत भांड्यांचा बंदोबस्त करायचा, हे आम्ही दोघांनी एकमताने ठरवलं. एकमत! या विषयावर पहिल्यांदाच.

‘माझ्यापेक्षा बरा चालतो!’

नवा पोर्टेबल डिशवॉशर आजही दुकानात मिळतो. पण चांगल्या आकाराचा घ्यायचा तर सहाशे डॉलरच्या पुढे जावं लागतं. आमचा इथला मुक्काम व्हिसाच्या भरवशावर. त्यामुळे मोठी वस्तू घेताना ‘निघताना हिचं काय करायचं?’ हा प्रश्न आधी येतो.

तेवढ्यात दोन गल्ल्या सोडून एका घरासमोर गराज सेल लागला. घर विकून लेकीकडे राहायला निघालेल्या एक अमेरिकन आजीबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. दिवे, रेकॉर्ड्स, क्रिसमसचं सामान आणि या सगळ्याच्या मागे एक पिवळं कपाट. चार चाकं, वर जाड लाकडी पाटा, पुढे एक भलीमोठी गोल खुंटी. आजीबाई म्हणाल्या, हा डिशवॉशर आहे. १९७४ साली, दुसरा मुलगा झाला तेव्हा नवऱ्याने आणला होता.

‘चालतो का?’ नवरोबाने विचारलं.

‘माझ्यापेक्षा बरा चालतो!’ आजीबाई म्हणाल्या.

चाळीस डॉलरमध्ये सौदा ठरला. घरमालकाकडून ई-मेलवर परवानगी घेतली (भाड्याच्या घरात ही पायरी गाळू नका, बऱ्याच लीजमध्ये पोर्टेबल मशीनलाही मनाई असते). दोन मित्रांना वडापावच्या बोलीवर बोलावलं आणि पाऊणशे किलोचं ते धूड दुसऱ्या मजल्यावर चढवलं.

त्याचा रंग पाहिलात की काळ कळतो. सत्तरच्या दशकात अमेरिकन किचनमध्ये दोन रंगांची चलती होती, एक अॅव्होकाडोचा हिरवा आणि दुसरा पिकलेल्या शेतासारखा पिवळा. फ्रिजपासून ओव्हनपर्यंत सगळं मॅचिंग! आमचा पिवळ्या घराण्यातला.

हे चालतं तरी कसं?

ओट्याखाली बसवलेल्या डिशवॉशरला स्वतःचं पाण्याचं कनेक्शन असतं, स्वतःचा निचरा असतो. पोर्टेबलला यातलं काहीच नसतं. तो येतो भाड्याच्या आणि जुन्या घरांसाठी. एरवी भिंतीला टेकून उभा राहतो, वरच्या लाकडी पाट्यावर भाजी चिरता येते. कामाच्या वेळी त्याला ढकलत सिंकपाशी न्यायचा. किचनच्या नळाच्या तोंडाची जाळी काढून तिथे एक पितळी अडॅप्टर कायमचा बसवायचा. मशीनच्या पोटातून दोन नळ्या बाहेर येतात, एक पाणी आत घेणारी आणि एक घाण पाणी बाहेर टाकणारी. दोन्ही एकाच तोंडात जोडलेल्या असतात. ते तोंड अडॅप्टरला ‘खट्’ करून लावायचं. वरून गरम पाणी आत जातं आणि त्याच तोंडातून वापरलेलं पाणी सिंकमध्ये पडतं.

आतला कारभार अगदी साधा. साधारण सात-आठ लिटर पाणी आत येतं. तळाशी असलेला पंप तेच पाणी फिरत्या हातांतून जोरात भांड्यांवर मारतो. काही मिनिटांनी ते पाणी बाहेर, पुन्हा नवं पाणी. पहिली विसळणी, मग साबणाची धुणी, मग दोन-तीन वेळा विसळणं आणि शेवटी तळाची हीटिंग कॉइल तापून भांडी कोरडी. हे सगळं कोण ठरवतं? पुढची गोल खुंटी. तिच्या मागे एक छोटी मोटर आणि दातेरी चकत्या असतात. खुंटी घड्याळासारखी हळूहळू सरकते आणि टक्, टक् करत एकेक स्विच पाडते. ना स्क्रीन, ना वाय-फाय, ना ‘अॅप अपडेट करा’.

आणखी एक गंमत. जुनं मशीन तासाभरात मोकळं होतं. नव्याला नॉर्मल सायकलला दोन तास किंवा जास्त लागतात, कारण नवं मशीन कमी पाण्यात काम करतं आणि त्याची भरपाई वेळेने करतं.

आधी डॉक्टर, मग ड्रायव्हिंग

पन्नास वर्षांचं मशीन घरी आणून थेट प्लग लावू नका. पाणी आणि वीज एकाच पेटीत आहेत, गंमत नव्हे. आमची यादी अशी होती.

वायर आणि अर्थिंग: इलेक्ट्रिशियनने सगळ्यात आधी तीन पिनांची वायर पाहिली. बाहेरचं रबर तडकलं होतं, म्हणून ती पूर्ण बदलली. सिंकजवळचा प्लग पॉइंट पाण्याशी संपर्क आला तर लगेच वीज तोडणारा आहे ना, तेही तपासलं. हीटर असल्यामुळे मशीन बरीच वीज खेचतं. त्याच लाइनवर मायक्रोवेव्ह लावायचा नाही, अशी तंबी मिळाली.

रबर: नळ्या आणि दाराचं गॅस्केट. वर्षानुवर्षं बंद असलेलं रबर कडक होऊन चिरतं. पाणी आत घेणारी नळी नवी टाकली. दाराच्या गॅस्केटला कोपऱ्यात फट होती, तीही दुरुस्त झाली.

जाळ्या: तारांवरचं प्लॅस्टिकचं आवरण जिथे उडालं होतं तिथे गंज होता. तो घासून त्यावर जाळ्यांसाठी मिळणारं खास कोटिंग लावलं.

आंघोळ: पहिली फेरी रिकाम्या मशीनची, सायट्रिक अॅसिड घालून. आपलं लिंबूसत्त्वच! पाण्यातल्या क्षारांचे पांढरे थर त्याने सुटतात. बाहेर आलेल्या पाण्याचा रंग सांगत नाही, तुम्ही जेवत असाल.

इलेक्ट्रिशियन आणि सुटे भाग धरून खर्च गेला सव्वाशे डॉलरवर. म्हणजे चाळीसचं मशीन एकशे पासष्टला पडलं. ‘व्हिंटेज’ या शब्दाची किंमत ही अशी मागून येते.

भांडी फुटली म्हणून शोध लागला

मशीनची साफसफाई करताना त्याच्या खानदानाचा शोध घेतला, तेव्हा एक भन्नाट बाई भेटली. जोसेफिन कॉक्रेन. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावची. घर श्रीमंत, जेवणावळी नेहमीच्या, भांडी चिनी मातीची आणि घासायला नोकर. घासताना त्या भांड्यांचे टवके उडायचे. ते पाहून बाईंनी मशीन बनवायचं मनावर घेतलं. १८८३ मध्ये नवरा गेला, मागे कर्ज राहिलं आणि छंदाचा धंदा करावा लागला. घरामागच्या लाकडाच्या शेडमध्ये एका मेकॅनिकच्या मदतीने तिने मशीन उभं केलं आणि २८ डिसेंबर १८८६ रोजी त्याचं पेटंट मिळवलं.

त्याआधीही प्रयत्न झाले होते. १८५० मध्ये जोएल हॉटन या अमेरिकन गृहस्थाने लाकडी मशीनचं पेटंट घेतलं होतं, पण ते हाताने फिरवून भांड्यांवर पाणी उडवण्यापलीकडे फारसं जात नव्हतं. कॉक्रेनबाईंनी दोन गोष्टी केल्या. प्लेट, कप, बशा यांच्या मापाचे तारेचे कप्पे बनवले आणि ब्रशने घासण्याऐवजी पाण्याच्या जोरावर भिस्त ठेवली. आजचा महागातला महाग डिशवॉशर याच दोन कल्पनांवर चालतो.

१८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तिची मशीन्स गाजली. हॉटेलं आणि रेस्टॉरंट्स गिऱ्हाइकं झाली. घरं मात्र झाली नाहीत. एक तर किंमत आणि दुसरं म्हणजे इतकं गरम पाणी त्या काळी बहुतेक घरांत नव्हतंच. १९१३ मध्ये ती गेली. १९२६ मध्ये तिची कंपनी होबार्टने घेतली आणि १९४९ मध्ये किचनएड या नावाने घरगुती डिशवॉशर बाजारात आला. शोधापासून ओट्यापर्यंत यायला साठ वर्षांहून जास्त लागली!

मोहरीने केला घात

आता मुख्य परीक्षा. अमेरिकन मशीन विरुद्ध मराठी जेवण.

पहिला दिवस, पाश्चात्त्य जेवण. पास्ता, सॅलड, काचेचे ग्लास, सपाट प्लेट्स. निकाल फर्स्ट क्लास. ग्लास तर असे चमकले की नवरोबाने ते उजेडासमोर धरून फोटो काढले. आवाज मात्र सॉलिड. फास्ट लोकल पुलावरून जाते ना, तसा.

दुसरा दिवस, वरण-भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. ताटं उत्तम निघाली. वाट्यांनी मात्र घोटाळा केला. स्टीलची वाटी हलकी, खालून पाण्याचा मारा आला की टुणकन उलटते आणि मग धुण्याऐवजी पाणी भरून बसते. उपाय सापडला तो केक थंड करायच्या जाळीचा. वाट्या उपड्या मांडायच्या आणि वर ती जाळी ठेवायची. एकही वाटी हलत नाही.

तिसरा दिवस, मिसळ. इथे मशीनने हात टेकले. तेलाचा तवंग गेला, पण वरच्या जाळीतली भांडी अर्धवट राहिली. फिरता हात काढून पाहिला, तर त्याच्या भोकांमध्ये मोहरी! फोडणीतली मोहरी त्या भोकांत अशी फिट्ट बसली होती, जणू मापाने बनवली असावी. टाचणीने एकेक दाणा काढला. तेव्हापासून नियम झाला, भांडं आधी विसळायचं नाही, पण खरकटं रबरी चमच्याने पूर्ण निपटायचं. कढीपत्ता, मोहरी, खोबरं आणि भाताची शितं, हे चार जण मशीनच्या दाराबाहेर.

चौथा दिवस, साबण. इथे थोडी केमिस्ट्री आहे. हे मशीन बनलं तेव्हा डिशवॉशरच्या पावडरीत फॉस्फेट असायचं. ते पाण्यात मिसळून तळ्यांमध्ये शेवाळ वाढवतं, म्हणून २०१० मध्ये अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी त्यावर बंदी आणली आणि कंपन्यांनी ते काढून टाकलं. आताच्या साबणात एन्झाइम्स असतात, भाताची खळ आणि डाळीचं प्रोटीन तोडणारे. त्यांना काम करायला वेळ लागतो आणि जुनं मशीन तर घाईत असतं. म्हणून दोन गोष्टी करायच्या. मशीन सुरू करण्याआधी नळाला चांगलं गरम पाणी येईपर्यंत नळ सोडायचा (साधारण ४९ अंश सेल्सियस हवं) आणि ते पाणी बादलीत धरून झाडांसाठी ठेवायचं. दुसरं म्हणजे पॉडऐवजी पावडर वापरायची. जुन्या मशीनमध्ये साबणाचे दोन कप्पे असतात, एक उघडा, पहिल्या फेरीसाठी, आणि एक झाकणाचा, मुख्य फेरीसाठी. पावडर दोन्हींत वाटून घालता येते.

हळदीचं काय, हा तुमचा पुढचा प्रश्न मला ऐकू आला. स्टील आणि काचेवर काही राहत नाही. प्लॅस्टिकचे डबे मात्र चक्क लालसर होऊन निघाले. घाबरू नका. हळद अल्कलीत लाल होते, शाळेत कागदावर केलेला प्रयोग आठवा. डबे दोन दिवस खिडकीत उन्हात ठेवले की डाग फिकट होतात.

पाण्याचा हिशेब

‘पण पाणी किती लागतं?’ हा फोनवर माझ्या आईचा पहिला प्रश्न होता. म्हणून मोजलं. मशीनमधून बाहेर पडणारं पाणी बादलीत धरलं. पूर्ण फेरीला ४५ लिटरच्या आसपास भरलं.

हे जास्त की कमी? नळ सोडून घासणाऱ्याशी तुलना करा. अमेरिकेत किचनच्या नळातून मिनिटाला जास्तीत जास्त ८ लिटर पाणी यावं असा नियम आहे. पंधरा मिनिटं नळ चालू ठेवला की झाले शंभरावर. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी युरोपातल्या लोकांना बारा जणांची भांडी हाताने घासायला दिली होती, तेव्हाही सरासरी शंभर लिटरच्या आसपासच आली होती. त्यांच्यापुढे आमचं म्हातारं मशीन काटकसरी ठरलं.

पण आईच्या टबापुढे ते हरलं. एका टबात साबणाचं पाणी, दुसऱ्यात विसळायचं, असं केलं तर दोन-तीन जणांची भांडी दोन बादल्यांत होतात. आणि नव्या मशीनपुढे तर सपशेल हार. २०१३ पासून अमेरिकेत पूर्ण आकाराच्या डिशवॉशरला एका फेरीत १९ लिटरपेक्षा जास्त पाणी वापरायला मनाई आहे. त्यामुळे ‘जुनं ते सोनं’ म्हणणाऱ्यांनी पाण्याच्या बाबतीत तरी जरा दमाने घ्यावं. आम्ही ते मशीन दिवसातून एकदाच, पूर्ण भरूनच लावतो.

तासभर किचन बंद

सासूबाई आल्या. पिवळ्या कपाटाभोवती एक फेरी मारली. ‘वापरलेलं आणलंय?’ एवढाच शेरा. पहिल्या दिवशी त्यांनी सगळी भांडी हाताने घासली आणि मग ती मशीनमध्ये लावली. ‘आई, हे कशाला?’ तर म्हणाल्या, ‘अगं, घाण भांडी कशी ठेवू त्यात?’

इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ च्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या पुस्तकात हेच दाखवून दिलंय. घरात यंत्रं आली, पण बाईचे कामाचे तास अपेक्षेइतके कमी झाले नाहीत. स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या, घरकामाला मदत करणारे इतर हात बाजूला झाले आणि यंत्र चालवायला पुन्हा तीच उभी राहिली. आमच्या घरी तरी वेगळं काय होणार होतं?

झालं ते असं. मशीन सुरू असताना किचनचा नळ त्याच्या ताब्यात असतो. तोंड अडॅप्टरला लागलं की तासभर नळ सोडता येत नाही. ‘दोन चमचे विसळून घेते’ नाही, ‘कणीक भिजवून ठेवते’ नाही, ‘ओटा पुसून टाकते’ नाही. पोर्टेबल मशीनबद्दल लोकांची सगळ्यात मोठी तक्रार हीच असते. गैरसोय म्हणून ती खरीही आहे. रात्री कोणाला तहान लागली तर पाणी आधीच भरून ठेवावं लागतं.

पण त्या गैरसोयीपुढे सासूबाईंचाही नाइलाज झाला. भांडी घासायला नळच नाही! पहिले दोन दिवस त्या मशीनसमोर खुर्ची टाकून बसल्या, जणू आत कोणी अडकलंय. तिसऱ्या दिवशी बाहेरच्या खोलीत आल्या. चौथ्या दिवशी नवरोबाबरोबर खाली फिरायला गेल्या. आता आमच्या घरी रात्री साडेआठ ते साडेनऊ किचन अधिकृतपणे बंद असतं. नवरोबा खरकटं निपटून मशीन भरतो, कारण ते धूड ढकलणं तसंही त्याच्याच वाट्याला आलंय. माझा कॉल सुरू व्हायच्या आत मी रिकामं करते. सासूबाईंकडे खुंटी आहे. ती फिरवायचा हक्क फक्त त्यांचा. ‘टक् झालं का?’ हे विचारलं की समजायचं, आता कोणी आत जायचं नाही.

परवा मी त्यांच्या हाताला क्रीम लावत होते. म्हणाल्या, ‘लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली. जेवणं झाल्यावर लगेच बसायला मिळतंय ते आत्ता.’ त्यांनी ते सहज म्हटलं. मी आणि नवरोबा मात्र काही बोललो नाही.

मशीनमध्ये कोण, बाहेर कोण?

खुशाल घाला: स्टीलची ताटं, वाट्या, पातेली, डबे, काचेचे ग्लास, चिनी मातीचे मग, चमचे, स्टीलचा कुकर (शिट्टी आणि रिंग काढून).

अजिबात नको: अॅल्युमिनियमचा कुकर आणि कढई (अल्कलीने काळवंडतात), लोखंडी तवा (तेलाचा मुरलेला थर जातो आणि गंज येतो), पोळपाट-लाटणं (लाकूड तडकतं), तांब्या-पितळेची भांडी (चमक जाते), धारदार सुरी.

विचार करून: नॉनस्टिक (तळाशी लिहिलेलं वाचा), प्लॅस्टिक (फक्त वरच्या जाळीत), चांदीची वाटी (स्टीलला चिकटून ठेवू नका), परात (मधल्या फवाऱ्याची वाट अडवणार नाही अशी, कडेला).

तुम्ही घ्यावा का?

अमेरिकेत भाड्याच्या घरात असाल, किचन जुनं असेल आणि ओळखीत भरवशाचा इलेक्ट्रिशियन असेल, तर व्हिंटेज पोर्टेबल जरूर पाहा. घ्यायच्या आधी चालवून दाखवायला सांगा, खालून ओल येते का ते बघा आणि सुटे भाग मिळतात का, याची मॉडेल नंबरवरून खात्री करा. पाणी-वीज वाचवायची असेल तर मात्र नवाच घ्या, त्यात वाद नाही.

भारतात परत येताना असं जुनं मशीन बरोबर आणायचा मोह होईल. आवरा! अमेरिकेत वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज बदलेल, हर्ट्झ बदलणार नाहीत. खुंटीची मोटर हर्ट्झवर चालते, म्हणजे साठ मिनिटांची फेरी बहात्तर मिनिटांची होईल आणि पंपही धापा टाकेल. त्यापेक्षा आपल्याकडे मिळणारा डिशवॉशर बरा. त्यातल्या अनेकांमध्ये जड पाण्यासाठी मिठाचा कप्पा असतो, बोअरवेलच्या सोसायट्यांना तो हवाच.

आणि मशीन घ्यायचं नसेल, तरी एक प्रयोग फुकट आहे. रोज जेवणं झाली की खरकटं काढा, भांडी भिजत घाला आणि तासभर किचनचा दिवा बंद करा. सगळ्यांसाठी. घरातल्या कोणाला त्या तासात काय करावं ते सुचत नाही, तेवढं फक्त बघा. नंतरची भांडी बाकीच्यांनी घासायची.